दाबलं की उजळणारं दिवाळीकार्ड: अर्धा मीटर तांब्याची पट्टी आणि एक चपटा सेल

उजळणारं कार्ड चित्रात कधी बिघडत नाही, सांध्यात बिघडतं. बनवताना तीनही दिवे झकास लागतात, पाडव्याला एक विझतो आणि भाऊबीजेला कार्ड हातात पडेपर्यंत सगळाच अंधार होतो. म्हणून इथे रंगकामावर थोडकं आणि पट्टी, दिव्यांचे पाय, सेल यांवर भरपूर लिहिलं आहे. चित्र तुमचं तुम्ही काढालच की.

नमुन्यासाठी चित्र घेतलंय ते बेळगावच्या गल्लीगल्लीत दिवाळीला दिसणारं: खाली मुलांनी केलेला मातीचा किल्ला, त्याच्या पायऱ्यांवर दोन पणत्या आणि वर टांगलेला आकाशकंदील. तटबंदी राजहंसगडासारखी काढा किंवा मनाने काढा, जोडणीला त्याने फरक पडत नाही.

काय काय लागेल

एका कार्डाला ए-४ आकाराची जाड कार्डशीट दोन लागतात, २५० ते ३०० जीएसएमच्या. एक मधोमध दुमडून कार्ड होतं, दुसरीचा अर्धा भाग आतल्या जोडणीसाठी जातो. लग्नपत्रिका छापणाऱ्या प्रेसमध्ये अशा कागदाची कात्रणं पडलेली असतात. दहा-बारा कार्डं करायची असतील तर नवीन शीट घेण्याआधी तिथे विचारून बघा. समोरच्या पानासाठी गडद निळा किंवा काळा कागद मिळाला तर उत्तम. पांढऱ्या कागदातून दिव्याचा उजेड आरपार झिरपतो आणि अंधारात आतल्या पट्ट्यांची सावली बाहेर दिसते. पांढराच वापरायचा असेल तर त्याच्या मागे काळा कागद चिकटवा. उजेड परतावा म्हणून काही जण तिथे स्वयंपाकघरातली ॲल्युमिनियमची फॉइल लावतात. ती धातूच, त्यामुळे सगळी जोडणी एकमेकांना चिकटते आणि काहीच लागत नाही.

तांब्याची चिकटपट्टी, म्हणजे कॉपर टेप, ५ किंवा ६ मिमी रुंदीची, साधारण अर्धा मीटर. पिवळे ३ मिमीचे एलईडी तीन. २२० ओहमचे पाव वॅटचे रेझिस्टर, म्हणजे विजेचा प्रवाह आवरणारे सुटे भाग, तीन (अंगावरचे पट्टे लाल-लाल-तपकिरी). सीआर २०३२ हा चपटा सेल एक. दोन्ही बाजूंनी चिकटणारी २ मिमी जाडीची फोमपट्टी, ट्रेसिंग पेपर, सेलोटेप, कटर, स्टीलची पट्टी, सुई. बेळगावात कागद-टेप खडे बाजार, गणपत गल्लीच्या बाजूला सहज मिळतं. एलईडी आणि रेझिस्टर रेडिओ-टीव्हीचे सुटे भाग ठेवणाऱ्या दुकानात सुटे मागा आणि सेल घड्याळजीकडे. कॉपर टेप स्टेशनरीत न मिळाल्यास त्याच सुट्या भागांच्या दुकानात विचारा, नाहीतर ऑनलाइन आहेच.

चॉकलेटच्या चांदीने भागेल का? भागतं कधीकधी. पण हल्लीची बरीचशी वेष्टनं म्हणजे वर धातूचा पातळ मुलामा दिलेलं प्लास्टिक असतं, त्यातून काम होत नाही. खरी ॲल्युमिनियम फॉइल वीज वाहून नेते, पण तिला सोल्डर (वितळवून जोड पक्का करायचा धातू) धरत नाही आणि जोडाशी ती लवकर फाटते. शाळेतल्या प्रयोगाला ठीक, कुणाला द्यायच्या कार्डाला नको.

एक चूक हमखास होते. छताला लावतात त्या १२ व्होल्टच्या एलईडी पट्टीचा तुकडा कापून आणला जातो. त्यात तीन एलईडी एकामागे एक ओवलेले असतात, ३ व्होल्टच्या सेलवर ते ढिम्म लागत नाहीत. आणि भिंतीतल्या प्लगवर चालणाऱ्या माळेचं काहीही कार्डात घालू नका. मोबाइलच्या चार्जरला कार्ड जोडायची कल्पनासुद्धा नको.

दिवा आणि सेल: आधी हे समजून घ्या

एलईडीचा लांब पाय अधिक, आखूड पाय उणे. पाय कापलेले असतील तर प्लास्टिकच्या कडेकडे बघा: गोल कड जिथे थोडी सपाट केलेली आहे ती उणे बाजू. सेलच्या रुंद, सपाट बाजूवर अधिकचं चिन्ह कोरलेलं असतं. कामाला लागण्यापूर्वी प्रत्येक एलईडी सेलच्या दोन्ही बाजूंना पाय लावून क्षणभर पेटवून पाहा. चिकटवल्यानंतर खराब एलईडी शोधणं म्हणजे अख्खं कार्ड उसवणं.

सेल ३ व्होल्टचा. लाल आणि पिवळा एलईडी सुमारे २ व्होल्टवर लागतो, पांढरा-निळा सुमारे ३ वर. यातून दोन गोष्टी निघतात. पहिली, दिवे एकामागे एक जोडायचे नाहीत, कारण दोन पिवळ्यांनाच ४ व्होल्ट लागतील. ते शेजारी-शेजारी जोडायचे, शिडीसारखे: दोन उभे दांडे, एक अधिकचा आणि एक उणेचा, आणि प्रत्येक दिवा म्हणजे त्यांच्यामधली एक पायरी. दुसरी, पिवळा आणि पांढरा रेझिस्टरशिवाय एकत्र लावले तर पिवळा सेलचा दाब (व्होल्टेज) ओढून २ व्होल्टच्या आसपास आणून ठेवतो आणि पांढरा मिणमिणतो किंवा लागतच नाही. पिवळ्याला स्वतःचा २२० ओहमचा रेझिस्टर दिला की तो साडेचार मिलिॲम्पियरच्या आसपासच प्रवाह घेतो आणि पांढऱ्यालाही श्वास घ्यायला जागा राहते. पांढऱ्याला रेझिस्टर नको, सेलचा दाब त्याला जेमतेमच पुरतो.

पहिलं कार्ड तीनही पिवळ्यांचं करा. तिघे मिळून साडेतेरा-चौदा मिलिॲम्पियर घेतात. सेलची क्षमता साधारण २२० मिलिॲम्पियर-तास म्हणतात, ती अगदी बारीक प्रवाहासाठी. इतक्या ओढीला हिशोबाच्या सोळा तासांच्या निम्मे, म्हणजे आठ तास धरले, तरी दहा-दहा सेकंद दाबायचं म्हटल्यास अडीच हजारांवर वेळा होतं. घरात शेंडेफळ असेल तर दिवाळीच्या चार दिवसांना तेवढं पुरावं.

एका बाबतीत मात्र हयगय नको. हा २० मिमीचा सेल लहान मुलाने गिळला तर तो अन्ननलिकेत अडकतो आणि लाळेच्या ओलाव्यात त्याच्या विजेने आतली कातडी दोन तासांत भाजू शकते. संपलेला वाटणारा सेलही हे करू शकतो. नुसता संशय आला तरी वाट न बघता, उलटी काढायच्या भानगडीत न पडता, थेट मोठ्या दवाखान्यात न्यायचं आणि ‘चपटा सेल गिळला असावा’ हे आधी सांगायचं. म्हणूनच पुढे सेलचं तोंड टेपने पक्कं बंद करायला सांगितलं आहे.

शिडी घालणे

जोडणीचा कागद १४४ बाय २०६ मिमीचा कापा, म्हणजे ए-५ पानापेक्षा प्रत्येक बाजूने २ मिमी आत राहील. त्यावर पेन्सिलीने आधी चित्राच्या जागा मारून घ्या: खालून साधारण ६० आणि ९५ मिमीवर दोन पणत्या, १४५ वर कंदिलाचा तळ. पणत्या एकाखाली एक न येता किंचित डावी-उजवीकडे असू द्या, किल्ल्याच्या पायऱ्या आपोआप तशा येतात. मग दोन उभ्या रेघा, एकमेकींपासून ४० मिमीवर. डावी अधिक, उजवी उणे. पेन्सिलीने मोठं अधिक-उणे लिहून ठेवा. कागद उलटा धरला की सगळ्यांचाच गोंधळ होतो.

आता पट्टी चिकटवायची. वळणावर ती कापायची नाही. वळणाच्या जागी पट्टी स्वतःवर उलटी दुमडा, मग हव्या दिशेला वळवून चपटी करा. एकसंध तांबं राहिलं पाहिजे. याचं कारण असं की बऱ्याच टेपांचा चिकट थर वीज वाहून नेत नाही. एका तुकड्यावर दुसरा नुसता चिकटवला की वरून तांब्याला तांबं लागल्यासारखं दिसतं, मधे मात्र डिंकाचा पडदा असतो. कधी लागतं, कधी नाही, आणि दोष एलईडीवर जातो. जोड द्यावाच लागला तर वरच्या तुकड्याचं टोक ५ मिमी आत दुमडा, म्हणजे खाली उघडं तांबं येईल, आणि वरून सेलोटेपने घट्ट दाबा. चमच्याच्या पाठीने पट्टी घासून घेतली की सुरकुत्या जातात. सुरकुतलेली पट्टी पुढे तिथेच चिरते.

डाव्या दांड्यापासून थोडं अंतर ठेवून प्रत्येक दिव्यासाठी १० मिमीचा सुटा तुकडा चिकटवा. रेझिस्टर दांड्यावरून या तुकड्यावर येतो, एलईडीचा लांब पाय या तुकड्यावर आणि आखूड पाय उजव्या दांड्यावर. रेझिस्टरला अधिक-उणे नसतं, कसाही लावा.

पाय बसवायची रीत नीट बघा, कारण बहुतेक कार्डं इथेच मरतात. एलईडीचे पाय १५ मिमीवर कापा. चिमट्याने टोकाचा ८ मिमी भाग नागमोडी करा, दोन-तीन बारीक वळणं. सरळ तार पट्टीला एका रेषेवर टेकते आणि कार्ड वाकलं की उचलली जाते, नागमोडी तार चार-पाच जागी टेकते. तो भाग पट्टीवर ठेवून वर कॉपर टेपचा १० मिमीचा तुकडा चिकटवा आणि अंगठ्याच्या नखाने तारेच्या दोन्ही कडांना घासा, इतकं की तारेची नागमोड वरच्या तांब्यावर उमटलेली दिसली पाहिजे. मग त्यावर सेलोटेप. सोल्डर येत असेल तर प्रश्नच मिटला: २५ वॅटची इस्त्री (कपड्यांची नव्हे, सोल्डरिंगची), एका जोडाला एक-दोन सेकंद. त्याहून जास्त टेकवली तर पट्टीखालचा डिंक वितळून पट्टी सरकते आणि कागद तपकिरी होतो.

एलईडी उभा न ठेवता आडवा झोपवायचा, डोकं वरच्या बाजूला. त्याआधी त्याचं डोकं बारीक पॉलिश पेपरवर घासून दुधी करा, १५-२० फेऱ्या पुरतात. न घासलेला एलईडी एकच झगझगीत ठिपका देतो आणि बाजूला अंधार. घासलेला चारी बाजूंनी पसरतो. पणतीच्या ज्योतीखाली असा आडवा दिवा ठेवला की ज्योतीचा बुडखा जास्त उजळ आणि शेंडा मंद दिसतो, वात पेटल्यासारखा.

दाबायची कळ

कळीला काही विकत आणायचं नाही. जोडणीच्या कागदाच्या खालच्या उजव्या कोपऱ्यात, दोन्ही कडांपासून १५-२० मिमी आत, सेलची जागा धरा. अधिकचा दांडा खालून वळवून तिथे आणा आणि त्याचं टोक सेलच्या मध्यावर येऊ द्या. उणेचा दांडा त्याला कुठेही शिवता कामा नये. ओलांडावाच लागला तर मधे सेलोटेपचे दोन थर.

सेलभोवती फोमपट्टीची ‘यू’ करा, आतली रुंदी २१ मिमी, तोंड कार्डाच्या कडेकडे. फोमचे दोन थर, म्हणजे ४ मिमी. सेल ३.२ मिमी जाड आहे, वर ०.८ मिमी पोकळी राहते. हीच पोकळी म्हणजे कळ. एका थरात ३ मिमीची फोमपट्टी वापरली तर सेल फोमच्या वर डोकावतो, झाकण कायम टेकलेलं राहतं आणि रात्रभर पेटून सकाळी सेल खलास.

झाकणासाठी ३० बाय ४५ मिमीचा कार्डशीटचा तुकडा घ्या. तो दारासारखा उघडा, म्हणजे सेलच्या जागेशेजारी कागदावर सपाट पसरून ठेवा आणि उणेची पट्टी कागदावरून न तुटता सरळ या झाकणावर न्या. सांध्यावर सेलोटेपचं बिजागर. आता झाकण सेलवर उलटवलं की तांब्याची बाजू आपोआप खाली येते. सेल अधिक बाजू खाली ठेवून बसवायचा.

इथे एक मेख आहे. सेलची अधिक बाजू म्हणजे नुसता खालचा तळ नव्हे, वाटीसारखी वर वळलेली कडही अधिकच. झाकणावरची उणे पट्टी दाबताना त्या कडेला लागली की थेट शॉर्ट: दिवे लागत नाहीत, सेल मात्र रिकामा होत जातो. म्हणून झाकणावरची सगळी पट्टी सेलोटेपने झाका आणि सेलच्या बरोबर मध्यावर येणारा १० मिमीचा भाग तेवढा उघडा ठेवा.

सेल आत सरकवा, झाकण दाबा. तीनही दिवे लागले तर ‘यू’चं तोंड आडव्या टेपने दोनदा बंद करा. सेल बदलायचा झाला तर मोठ्या माणसाला ब्लेडने उघडता येईल, लहान बोटांना नाही.

जोडणीचा काहीही भाग कार्डाच्या मधल्या घडीवरून नेऊ नका. उघडल्यावर आपोआप लागणारं कार्ड करायचा मोह होतो, पण घडीवरची पट्टी उघडझाप होऊन चिरते. ‘इथे दाबा’ वालं टिकतं.

समोरचं पान

कंदील ४० बाय ४५ मिमीचा पुरे. षटकोनी काढा, पाकळ्यांच्या खिडक्या कापा, मधल्या पट्ट्या ३ मिमीपेक्षा बारीक ठेवू नका. मागून ट्रेसिंग पेपरचे दोन थर. झिरमिळ्या पतंगी कागदाच्या, बाहेरून. पणतीची ज्योत थेंबासारखी ६ बाय १२ मिमी कापून मागून एकच थर लावा. किल्ल्याच्या तटावर सुईने ५-६ मिमीवर भोकं पाडत गेलात तर आतला सांडलेला उजेड त्यांतून येतो आणि लांबवर पणत्यांची रांग लावल्यासारखी दिसते. भोकं समोरून पाडायची, फुगवटा मागे राहतो.

रंगीत कागद लावायचा असेल तर नियम लक्षात ठेवा: रंगीत कागदामागे पांढरा एलईडी, पांढऱ्या कागदामागे पिवळा किंवा लाल. पिवळ्या एलईडीत निळा उजेड नसतोच, त्यामुळे त्यावर निळा जिलेटीन लावला की कंदील काळा दिसतो. हिरव्या-निळ्या पाकळ्यांचा कंदील हवा असेल तर वरचा एकच एलईडी पांढरा घ्या आणि त्याचा रेझिस्टर काढून तिथे पट्टीच सरळ न्या.

समोरचं पान आणि जोडणीचा कागद यांच्यामध्ये चारी कडांनी तीच दोन थरांची फोमपट्टी, आणि मध्यभागी दोन-तीन छोटे तुकडे. नाहीतर पान पोटात खचतं आणि ज्योत दिव्यावर टेकते. ‘यू’च्या तोंडापाशी कडेची पट्टी सोडा. चिकटवताना फेविकॉल किंवा खळ नको. पातळ डिंकाने कागद फुगतो, ओला असताना पट्ट्यांमधून थोडी वीजही झिरपते आणि तांबं हिरवट होतं. आपल्याकडे दसरा झाला तरी एखादी सर येऊन हवा दमट करते, त्यात हा ओलावा लवकर हटत नाही. गोंदकांडी किंवा दुहेरी टेप बरी. सेल आत असताना कार्ड पुस्तकांखाली दाबून ठेवू नका, फोम कायमचा चपटा होतो आणि ०.८ मिमीची पोकळी जाते.

न लागल्यास

एकही दिवा नाही: आधी सेल उलटा आहे का बघा, मग सेलच्या कडेचा शॉर्ट. सेल काढून त्याच सेलवर एक सुटा एलईडी लावून पाहा, लागला तर सेल जिवंत आहे. एकच दिवा नाही: त्याचे पाय उलटे असतील, नाहीतर जोड सुटलेला. कळ दाबून धरा आणि दुसऱ्या हाताच्या पेन्सिलीच्या मागच्या टोकाने त्या पायरीचे जोड एकेक दाबत चला. जिथे दाबल्यावर दिवा लागतो तोच जोड नव्याने करायचा. दाबलं की लागतं पण फडफडतं: झाकणावरचा उघडा भाग सेलच्या मध्यावर येत नाही, किंवा तांब्यावर बोटांचं तेल बसलंय. खोडरबराने घासा. सोडलं तरी लागलेलंच: फोम बसलाय. ‘यू’च्या वर कार्डशीटची एक अरुंद पट्टी वाढवा.

पाकीट आणि पाठवणं

बंद कार्ड साधारण ५-६ मिमी जाड होतं. बाजारचं पाकीट कोपऱ्यात फाटतं, म्हणून १६० बाय २२० मिमीचं, ८ मिमी कडा असलेलं खोकं-पाकीट स्वतः दुमडा. झाकण आणि सेल यांच्यामध्ये १० मिमी रुंद जाड प्लास्टिकची जीभ सरकवून बाहेर काढून ठेवा आणि तिच्यावर ‘ओढा’ लिहा. ‘यू’चं तोंड टेपने बंद करताना ही जीभ टेपच्या वरच्या फटीतून सुटी राहू द्या. ती ओढेपर्यंत कार्ड पिशवीत कितीही दबलं तरी पेटत नाही.

निपाणी, खानापूर, चंदगडकडच्या पाहुण्यांना कुणाच्या हाती देता आलं तर तेच उत्तम. लांब पाठवायचं असेल तर लिथियम सेलच्या विमानवाहतुकीवर बंधनं असतात हे ध्यानात घेऊन सेल न घालताच पाठवा. ‘यू’चं तोंड उघडं ठेवा आणि मागे लिहा: ‘सीआर २०३२, अधिक बाजू खाली, घालून टेपने बंद करा.’ शेजारघरी कन्नड बोलत असतील तर कंदिलाखाली ‘शुभ दीपावली’च्या जोडीला ‘दीपावळी हब्बद शुभाशयगळु’ सुईच्या भोकांनी टोचून लिहा. अक्षर २० मिमी उंचीचं आणि भोकं ३ मिमीवर घेतली तर अंधारात वाचता येतं. त्याहून बारीक अक्षराची नुसती रांगोळी होते.